बोट लावलेलं खोकं

६ एप्रिल २०२५, रविवार

आलो बाई एकदाचे रावेरला!

ही वही योगराजने मुद्दाम आणून दिली. नवीन गाव, नवीन वही, असं म्हणाला आणि वर पुस्ती जोडली की निदान माझं डोकं तरी तू कमी खाशील. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, नवरा अजून सुधारलेला नाही. पाटबंधारे खात्यातली बदली आहे, दोन-तीन वर्षं तरी इथेच काढायची. मुलगा पुण्याला शिकतोय, त्यामुळे बिऱ्हाड म्हणजे आम्ही दोघं आणि माझे डबे.

घर मनासारखं मिळालंय. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे धुण्याची मोरी आणि पुढे चार खाटा मावतील असा ओटा. मागच्या कुंपणापलीकडे केळीचा बाग आहे, त्यामुळे धुळ्याच्या मानाने हवेला जरा ओलावा. ट्रक रिकामा झाल्यावर योगराज खुर्चीत पसरला, पण मी आधी सगळं घर फिनेलने पुसलं, मोऱ्यांच्या जाळ्यांवर उकळतं पाणी ओतलं आणि मगच गॅस पेटवला. धुळ्याला देवपुरातल्या आमच्या शेजारणी म्हणायच्या, मोहिनीच्या फरशीवर सांडलेलं उचलून खावं. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण वही माझीच आहे.

संध्याकाळी शेजारच्या सुनंदाबाई कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत घेऊन आल्या. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते. मी बोलता बोलता "बठ्ठं सामान लागलं" म्हणाले, तर त्या हसून लोटपोट. "माय, तुमचं बठ्ठं न् आमचं सगळं!" म्हणाल्या. चाळीस कोसांत भाषा बदलते, पण भरीत तेच. त्यांचं भांडं रिकामं परत करायचं नाही म्हणून मी त्यात शेवयांची खीर घालून पाठवली.

झोप येतेय. छान वाटतंय.

११ एप्रिल

इथे एक गंमत आहे. या कॉलनीत घरांना दोन-दोन नंबर आहेत, एक प्लॉटचा आणि एक नगरपालिकेचा, आणि ते एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून पार्सलं आणणारे हिलालभाऊ घरं शोधत बसत नाहीत. पूर्वी केळीच्या ट्रकवर होते, आता पन्नाशीत मोटारसायकलवर हे मोठं पोतं घेऊन फिरतात. गल्लीतलं कुणाचंही पार्सल असो, पहिल्या घरी ठेवतात आणि ज्याचं त्याने न्यावं. पहिलं घर म्हणजे आता आमचं.

आज माझ्या कुकरचं रबर आलं. बोटाएवढ्या रबराला केवढं ते खोकं! मी ते ओट्यावरच ठेवून पट्टी कापली आणि आतून एक झुरळ सुळकन निघालं, थेट उंबऱ्याकडे. मी चपलेने तिथेच चिरडलं. आत गेलं असतं तर मला रात्रभर डोळा लागला नसता.

हिलालभाऊ हसले. मी हसले नाही. मी त्यांना सांगितलं की झुरळं मोरीतून येतात ही लोकांची जुनी समजूत झाली, आता ती खोक्यातून येतात. पुठ्ठ्याच्या मधल्या नागमोडी थरात ती अंडी चिकटवून ठेवतात. गोदामातून गोदामात फिरत खोकं दारात येतं आणि आपण कौतुकाने घरात नेतो. धुळ्याला मी सहा वर्षं एक नियम पाळला आहे. खोकं घरात आणायचं नाही. ओट्यावर दोन तास कडक उन्हात ठेवायचं, चारी बाजूंनी थापटायचं, पट्टी बाहेरच कापायची, वस्तू फडक्याने पुसायची आणि फक्त वस्तू आत न्यायची. खोकं लगेच मोडून भंगारात.

हिलालभाऊ म्हणाले, ताई, तुम्ही तर डॉक्टरीण निघाल्या.

१७ एप्रिल

हिलालभाऊंनी पराक्रम गावभर केला वाटतं. आज दुपारी गल्लीतल्या सहा-सात जणी ओट्यावर जमल्या आणि मला नियम करून दाखवायला लावला. मी एक रिकामं खोकं उभं चिरून आतला थर दाखवला. त्यात राजम्याच्या दाण्यासारखी, पण त्याहून बारीक, तपकिरी कुपी चिकटलेली होती. तिच्यात तीस-चाळीस पिल्लं असतात म्हटल्यावर दोघींनी पदर तोंडाला लावला.

मग अक्कांनीच ठरवलं. पार्सलं इथेच उतरतात, तर मोहिनीताई तपासूनच पुढे देतील. मीही मोठ्या तोऱ्यात हो म्हणाले. तपासलेलं कुठलं आणि राहिलेलं कुठलं हे कळावं म्हणून काहीतरी खूण हवी होती. मार्कर वाळलेला निघाला. मी देवघरातला करंडा आणला आणि तपासलेल्या खोक्यावर कुंकवाचं बोट ओढलं. बायकांना ते फारच आवडलं. आता गल्लीत विचारतात, "बोट लागलं का?"

एक गोष्ट मात्र त्यांनी ऐकली नाही. खोकी कुणी मोडत नाही. उन्हाळ्यात ज्वारीच्या बिबड्या आणि उडदाचे पापड लेकीबाळींना पाठवायला खोकी लागतात, म्हणून सगळ्यांचे माळे खोक्यांनी भरलेले. बोट लागलेलं आहे, मग काय भीती, असं म्हणाल्या. खूण माझीच.

योगराज म्हणतो, तुला आता पगार मागायला हरकत नाही.

२४ एप्रिल

अक्कांची लेक भूमिका आली. नववा लागलाय, पहिलं बाळंतपण माहेरी. आखाजीही, म्हणजे अक्षय्यतृतीया, माहेरीच होईल. पोरगी गोड आहे, सुजलेल्या पायांनी माझ्या ओट्यावर येऊन बसते आणि कैरी खाते. पाळण्याची गादी, उश्या, दुपटी सगळं तिने मोबाइलवर मागवलंय. मला म्हणाली, मावशी, बाळाचं प्रत्येक खोकं तुमच्या हाताखालून गेलं की मी निर्धास्त. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आमच्याकडे भांडी घासायला पार्वताबाई येतात. अक्कांकडेही त्याच. साठीच्या असतील, बारीक अंगाच्या, बोलणं कमी. बाळाला तेल लावून अंघोळ घालण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही म्हणे, निम्म्या कॉलनीची पोरं त्यांच्या पायांवर न्हालीत. त्यांनी माझा नियम पाहिला आणि एवढंच म्हणाल्या, "चांगलं हाये ताई. पन रोज जमते का मानसाले?"

मला जरा राग आला. न जमायला काय झालं?

३० एप्रिल

आखाजी. अंग आंबलंय, थोडक्यात लिहिते.

सकाळपासून खापरावरच्या पुरणपोळ्या चालल्या होत्या. हातावर पोळी मोठी करत नेऊन खापरावर टाकायची, ती सोडून क्षणभर हलता येत नाही. साडेबाराला हिलालभाऊंनी हाक दिली. पाळण्याची गादी आली होती. बाहेर पंचेचाळीसचं ऊन. ओट्यावर ठेवून गेले तर कुत्री फाडतील, म्हणून मी आतूनच ओरडले, ठेवा तिथे फ्रीजजवळ. खोकं आत आलं.

जेवणं झाली, आमरसाने डोळे जड झाले, कुलरसमोर मी जी आडवी झाले ती पाचला उठले. दारात अक्का उभ्या. गादी आली का, भूमिका विचारतेय. खोकं फ्रीजला टेकून तसंच होतं, न उघडलेलं, न तापलेलं. तपासायचंय म्हणाले असते तर काय झालं असतं? पण आत का आणलं, आत्तापर्यंत काय केलं, हे सगळं सांगावं लागलं असतं. मी अक्कांकडे पाठ करून करंड्यात बोट बुडवलं आणि खोक्यावर ओढलं.

अक्कांनी ते छातीशी धरून नेलं. जाऊ दे. शंभरातलं एक खोकं. त्यात काय असणार आहे?

१ मे

फ्रीजच्या मागे, जिथे ते खोकं टेकलं होतं तिथे, दोन फुटलेल्या कुप्या. रिकाम्या.

आणि फरशीच्या सांधीत खसखशीएवढी पिल्लं, इकडून तिकडे.

मी सगळी मारली. फ्रीज ओढून फिनेलने तीनदा पुसलं. माझ्या घरात! योगराजला सांगितलं नाही. अक्कांकडे जाऊन सांगायला हवं होतं, अजून गादी उघडली नसेल. दोनदा चप्पल घातली आणि दोनदा काढली. काय सांगू? की बोट खोटं होतं? सगळी गल्ली माझ्या बोटावर विश्वास ठेवून आहे. दुपारी भूमिकाच सांगत आली की गादी फार मऊ आहे, मी पसरून त्यावर झोपूनही पाहिलं. मी म्हटलं, छान.

५ मे

भूमिकाला काल पहाटे मुलगा झाला. तीन किलो, जावळ भरपूर. मी पेढा घरी आणून डब्यात तसाच ठेवला.

आज घरी आणलं. पाळण्यात बारशालाच घालायचं, तोवर ती गादी खाटेवर पसरलीय आणि बाळ तिच्यावर निजवलंय. मी बाळाला बघायच्या निमित्ताने गादीच्या शिवणीवरून हात फिरवला. काही दिसलं नाही. खाटेखाली ते खोकं होतं, त्यात बाळाची दुपटी घडी करून ठेवलेली. बोट वर, सगळ्यांना दिसेल असं. आलेल्या प्रत्येक बाईला अक्का ते बोट दाखवत होत्या आणि मी किती काळजी घेते ते सांगत होत्या. मी खाली बघत होते.

९ मे

झुरळांचा खडू आणि मलमाची नळी घेतली. आपल्या बाजारात नाही, तिकडे स्टेशनच्या बाजूला, जिथे मला कुणी ओळखत नाही. पदराखाली लपवून आणलं. एक झुरळ मारायचा खडू लपवून आणावा लागतो, एवढी मी मोठी झाले!

स्वयंपाकघरात डब्यांच्या मागे आहेत. दिवाही लावावा लागत नाही, दिवसाढवळ्या बाहेर येतात. भर दुपारी घर शांत असलं की बारीक कुरकुर ऐकू येते, कुणी लांब बसून पापड मोडत असावं तशी.

योगराज पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला नाशिकला गेला. बरंच झालं. त्याने पाहिलं असतं तर हसला असता.

१३ मे

आज जे झालं ते लिहायची लाज वाटते. लिहितेच.

गल्लीत चार घरांत झुरळं निघाली. अक्कांकडे सगळ्यात जास्त, बाळंतिणीच्या खोलीत. बोदवडला अक्कांच्या बहिणीकडे बिबड्या गेल्या होत्या, तिचाही फोन आला की खोकं उघडताच ओट्यावर रांग लागली. बायका माझ्याच ओट्यावर जमल्या. कुठून येतात? खोक्यातून तर शक्यच नाही, बोट लागलेलं. मग या चारही घरांत रोज कोण जातं? पार्वताबाई. तिची ती कापडी पिशवी, ती कुठे कुठे टेकते. कुठल्या वस्तीतून येते. कुणीतरी "तरीच" म्हणालं आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

पार्वताबाई आत माझी भांडी घासत होत्या; त्यांनी बाहेर येऊन पिशवी बायकांच्या पुढ्यात उलटी केली. भाकरीचं फडकं, चुन्याची डबी, नातीचा फोटो. दुसरं काही नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, तुमी तरी सांगा ना अक्काले. तुमाले तर ठाऊक हाये हे कशातून येते."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, मला काय माहीत बाई, मी तर खोकी तेवढी तपासते.

पार्वताबाईंनी माझ्याकडे बघत एकेक वस्तू पिशवीत परत भरली. त्यांना कळलंय. फ्रीजमागचा खडू त्यांनी भांडी घासताना पाहिला असणारच. तरी बोलल्या नाहीत. जाताना एवढंच अक्कांना सांगितलं की बाळाचा डावा कान दवाखान्यात दाखवा, तेल लावताना तिथे हात लागला की पोरगं चिरकतं, नुसतं रडणं नव्हे ते. अक्कांनी घरात जाऊन दार लावून घेतलं.

आता बाळाला अंघोळ भूमिकाच घालणार. तिला काय कळतंय.

१५ मे, रात्री

बारसं झालं.

भूमिकाच्या नवऱ्याला बहीण नाही. आत्याशिवाय नाव कोण ठेवणार? अक्कांनी माझा हात धरून मला पाळण्याशी नेलं. तुमच्याइतकी बाळाची काळजी कुणी केली नाही, आजपासून तुम्हीच आत्या, म्हणाल्या. मला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायचं कारण काय देणार होते?

पाळण्याला फुगे, खाली तीच गादी. बायका माझ्यामागे गोळा झाल्या. आत्याने वाकून कानात कुर्रर्र करायचं आणि नाव सांगायचं, आणि तेवढ्यात बायकांनी तिच्या पाठीत गुद्दे घालायचे. मी वाकले. माझ्यासमोर डावा कान आला. इवलासा, कडेने लाल. मी तोंड अगदी जवळ नेलं आणि माझा श्वास त्याला लागला.

आतून दोन केस हलले.

केस नव्हते. दोन बारीक मिशा, कानाच्या भोकातून बाहेर आलेल्या, माझ्या श्वासाच्या दिशेने वळलेल्या. त्या माझ्या ओठाला लागल्या. मग आत ओढल्या गेल्या आणि बाळ किंचाळलं.

पाठीवर गुद्दे पडत होते. बायका खिदळत होत्या, आत्या नाव विसरली म्हणत होत्या. मी सरळ झाले असते आणि ओरडले असते तर आत्ता, आज, बाळ दवाखान्यात असतं. मी ओठ त्या कानाला लावले आणि म्हटलं, कुर्रर्र. ललित.

सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या. मीही खाल्ल्या.

१६ मे

सांगायचं. आज सांगायचं.

नाही सांगितलं. गेले होते. अक्कांनी पाट मांडला, पाहुण्यांना सांगितलं की ह्याच आमच्या मोहिनीताई. बाळ रडत होतं. अक्का म्हणाल्या, पोटात दुखत असेल. मी ओव्याने शेका म्हणाले. ओवा!

दिसलं ते खरं दिसलं का? असंही असेल की मी नीट पाहिलं नाही. पण माझ्या ओठाला लागलं होतं ते —

ओठ धुते आहे सारखी.

१८ मे

आत्याची साडी आली. अक्कांनी स्वतः आणली, खोक्यातून. त्याच खोक्यातून. वर माझं बोट, आता काळपट पडलेलं. "रिकामं खोकं कशाला परत करू, माय?" म्हणाल्या आणि माझ्या दोन्ही हातांवर ठेवलं.

जड होतं. साडीपेक्षा जड. तळव्यांना आतून काहीतरी लागत होतं, भाताला आधण आल्यासारखं.

ओट्यावर ठेवायला हवं होतं. पण समोरच्या दोघी बघत होत्या. अक्कांचं खोकं मी ओट्यावर थापटायला घेतलं असतं तर? हसत हसत आत घेऊन आले. दार लावलं. फ्रीजजवळ ठेवलं. उघडलं नाही.

२० मे

उघडलं नाही, तरी आता ते रिकामं आहे.

खिडक्या लावून घेतल्यात. पडदे. बायका हाक मारतात, मी आतूनच सांगते की बरं नाही. हिलालभाऊंना सांगितलं, पार्सलं दुसरीकडे ठेवा. ते काळजीने विचारत होते, डॉक्टर आणू का. आत येतील, म्हणून नको म्हटलं.

कुरकुर आता थांबत नाही. भिंतीतून येते का कानातून, कळत नाही. दोन्ही कानांत कापूस घातलाय.

बाळ रडायचं थांबलं. भिंतीपलीकडून अक्कांचा आवाज येतो, किती शहाणा झाला गं. थाळी वाजवली तरी दचकत नाही म्हणे.

२२ मे

पार्वताबाईंकडे गेले. पाय धरणार होते. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, काम सुटलं म्हणून लेकीकडे गेली मुक्ताईनगरला. कुणीतरी तिच्यावर आळ घेतला. कोण होतं, तुम्हाला ठाऊक आहे का ताई?

नाही म्हटलं.

नाही म्हणणं आता फार सोपं झालंय.

२३ मे

काल रात्री एक पान लिहिलं. अक्का, मी गादीचं खोकं तपासलं नाही. बोट खोटं होतं. बाळाच्या कानात झुरळ आहे, मी पाहिलं. पार्वताबाईंचा काही दोष नाही. मोहिनी. बस्स. एवढंच तर आहे. चार ओळी.

वहीतून फाडून ठेवलं, सकाळी द्यायला.

सकाळी पानाला कडेने कुरतडल्याचे दाते. मधली ओळ गेली.

परत लिहिलं. डब्यात ठेवलं. डबा —

२४ मे, दुपार

अक्का दारात. जीप उभी आहे, इंजिन चालू. जळगावला नेताहेत. भूमिका रडतेय. फटीतून बाळ दिसतं, अक्कांच्या खांद्यावर, डोळे उघडे, मान सैल.

इथल्या डॉक्टरांनी विचारायला सांगितलंय. कान सुजून बंद झालाय, आतलं दिसत नाही. किडा गेला असेल तर उपचार वेगळा, लगेच करावा लागेल. नसेल तर आधी तापाचं बघतील, कानाचं मागून. अक्का दारावर थापा मारताहेत. "मोहिनीताई, येवढं सांगा माय, त्या गादीचं खोकं तुमी तपासलं व्हतं ना? तुमी सांगसान तेच मी डॉक्टरले सांगते."

नाही. एवढंच म्हणायचंय. एक शब्द. दार उघडायचं आणि —

कडीवर हात होता. मागे वळून पाहिलं.

बठ्ठी भिंत हाली ऱ्हायनी. बठ्ठी. ओटा, फ्रीज, देव, करंडा. चुना दिसत नाही कुठे. दार उघडलं तर अक्कांना दिसेल. जीपमधल्यांना दिसेल. माझं घर —

मी आतून म्हटलं, हो अक्का. तपासलं होतं.

देव तुमचं भलं करो, म्हणाल्या.

जीप वळतेय. अजून कोपऱ्यावर आहे. केळीच्या गाड्या आडव्या आल्यात, हॉर्न ऐकू येतोय. धावले तर गाठेन. आत्ता गाठेन. दार उघडं राहील तेवढ्यात कुणी आत डोकावलं तर, म्हणून फक्त उंबऱ्याजवळचा, एवढाच केर काढते आणि —